निरसं दूध घरी कसं टिकवता? अनुभव लिहा

पिशवी बंद करून दोन महिने झाले. गोठ्यावरून दोन्ही वेळचं दीड-दीड लिटर म्हशीचं घेते. साय अशी येते की भाकरीसारखी उचलावी! पण गेल्या रविवारी घात झाला. आदल्या संध्याकाळचं निरसं दूध फ्रीजमध्ये होतं, त्यातच सकाळचं ओतलं आणि पातेलं गॅसवर चढवलं. उकळी यायच्या आत कडेने बारीक कण दिसले, बघता बघता हिरवट पाणी वेगळं. बासुंदीचं तीन लिटर गेलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "शिळ्यात ताजं घालतं का कुणी?" तुम्ही कसं करता?

गोठेवाला
ताई, आमच्याकडे आठ म्हशी आहेत. धार काढल्यापासून तापवेपर्यंत किती वेळ गेला ते आधी बघा. उन्हाळ्यात दोन-तीन तास बाहेर राहिलं की दूध चढायला लागतं. जिभेला कळत नाही, पण आच लागली की फाटतं. शंका असेल तर आधी पळीभर वेगळं तापवून बघायचं. संकलन केंद्रावरही संशयाचं दूध असंच नळीत तापवून बघतात. वीज गेली की आम्ही कॅन हौदातल्या पाण्यात उभा करतो. फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. तापवून, गार करून मगच आत ठेवा.

सायखाऊ
पातेलं आधी पाण्याने विसळून मग दूध ओता, खाली लागत नाही. वर आडवी पळी ठेवली की उतू जात नाही म्हणतात. माझा ओटा तीनदा धुऊन झालाय.

बव्हेरियाची सून
इथे जर्मनीत गावातल्या गोठ्याबाहेर दुधाचं मशीन आहे. नाणं टाकायचं, बाटली भरायची. 'कच्चं दूध, पिण्यापूर्वी उकळा' अशी पाटी लावणं कायद्यानेच बंधनकारक. रात्रभरात बाटलीच्या गळ्याशी मलईचा पिवळसर थर येतो. तो बघून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "विरजण लाव आधी!"

एक वाचक
जरा वेगळं लिहितो. माझा आत्येभाऊ धारोष्ण दुधाचा भोक्ता, कासेखाली पेला धरणारा. त्याला महिनाभर येऊन-जाऊन ताप, रात्री घामाने अंथरूण ओलं, कंबर धरलेली. मलेरिया, टायफॉइड सगळं तपासून झालं. शेवटी ब्रुसेलोसिस निघाला. जनावरांचा आजार, न तापवलेल्या दुधातून माणसात येतो. सहा आठवडे गोळ्या चालल्या. 'धारोष्णात ताकद असते' म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, त्याला फोन लावून देतो.

खरवसवेडी
चीक मिळाला तर धागा सोडून आधी मला कळवा. पहिल्या दिवसाचा असेल तर दूध सढळ घाला, नाहीतर खरवस रबरासारखा होतो.

(धागाकर्ती) गोठेवाले दादा, आज पळीभर तापवून पाहिलं, फाटलं नाही. त्या तीन लिटरचं पाणी गाळून साखर घालून आटवलं होतं, कलाकंदासारखं झालं. मुलांनी कढई खरवडून खाल्ली. सासूबाईंनीही दोनदा घेतलं, बोलल्या काही नाहीत.