मदत हवी आहे: वॉरंटी कार्डावरच्या 'जळाल्याशिवाय'चा अर्थ काय धरायचा?

नमस्कार मंडळी, आम्ही अमळनेरचे. एप्रिलात धुळ्याहून कूलर घेतला आणि मे महिन्यात, ऐन उन्हात मोटर जळाली. मागची जाळी काढली तर वाइंडिंग कोळशासारखं काळं, खोलीभर जळका वास. घरात आजी आहे. दुपारी पत्रा तापला की तिला बसवत नाही, म्हणून जीव तुटतो.

कार्डावर मराठीत छापलंय : "मोटर जळाल्याशिवाय बदलून दिली जाणार नाही." आमची तर जळालीच आहे! दुकानदार म्हणतो, "भाऊ, कंपनीला 'जळाल्यास' म्हणायचं होतं, छपाईत चुकलं." मग त्यांच्या चुकीचा भुर्दंड मी का भरू?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतोच आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दावा लावता येतो, म्हणजे धुळ्याच्या चकरा वाचतील. ५ लाखांपर्यंत फीही नाही.

विचारायचं हे, की आयोग छापलेले शब्द धरतो की दुकानदाराचं तोंडी सांगणं? कोणी असं प्रकरण लढवलंय का? आणि जळकी मोटर दुकानात जमा करू की पुरावा म्हणून घरीच ठेवू? दुकानदार रोज मागतोय, लवकर सांगा.