शब्दचर्चा : 'लाउडनेस'ला मराठीत काय म्हणावं?

पाचपाखाडीकरीण
ठाण्यातल्या एका डबिंग स्टुडिओच्या सूचनापत्रकाचं मराठी करतेय. इंग्रजी मजकुराचा आशय असा : पीक मीटर (आवाजाची क्षणाक्षणाची कमाल उंची दाखवणारा) लेव्हल दाखवतो, लाउडनेस दाखवत नाही. संपूर्ण कार्यक्रमाचा लाउडनेस उणे २३ लफ्स (लाउडनेस मोजायचं एकक) ठेवावा, ट्रू पीक, म्हणजे आवाजाच्या लाटेचं खरं टोक, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. मी लेव्हलला 'पातळी' केलं आणि लाउडनेसला 'तीव्रता'. तिथल्या रेकॉर्डिस्टने वाचून विचारलं, "ताई, तीव्रता म्हणजे पीकच ना?" मग 'आवाज' घालून पाहिलं : "पीक मीटर आवाजाची पातळी दाखवतो, आवाज दाखवत नाही." हे काय झालं? साउंड, व्हॉइस, नॉइज, व्हॉल्यूम, लाउडनेस, सगळ्यांना आपल्याकडे एकच आवाज. गुरुवारी द्यायचंय. सुचवा.

नेरुळचे मास्तर
'तीव्रता' नकोच. तीव्रता म्हणजे एक चौरस मीटर क्षेत्रातून दर सेकंदाला जाणारी ध्वनिऊर्जा. ऐकायला कोणी असो वा नसो, ती असतेच. लाउडनेस मात्र कानाला वाटतो. तीव्रता दहापट केली की १० डेसिबल वाढतात, पण कानाला तो आवाज साधारण दुप्पटच मोठा वाटतो. शिवाय कान सगळ्या वारंवारतांना सारखा भाव देत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याचे वक्र काढून दाखवले. खर्जातला सूर नि मधला सूर सारखे मोठे वाटायला हवे असतील तर खर्जाला कितीतरी जास्त डेसिबल लागतात. तेव्हा दोन गोष्टींना दोन शब्द हवेतच.

फेडरवाला
मास्तर, पटलं. पण आमच्या धंद्यात शब्द कमी आहेत असं कोण म्हणतं? आवाज फाटतोय, माइक शिट्टी मारतोय, हॉल घुमतोय, मीटर लाल मारतोय, गायक दबलाय. यातला एकही अर्थ कोशात मिळायचा नाही, पण वाशीच्या भावे नाट्यगृहात नाहीतर गडकरीत बोला, पोरगा बरोबर तेच बटण फिरवतो. आणि ताई, तुम्ही विचारताय त्यालाही शब्द आहे. मीटर वर जातोय पण मोठं वाटत नाही, तर आम्ही म्हणतो 'आवाज भरत नाही'.

आता मीटरचं सांगतो. जुना व्हीयू मीटर १९३९ सालचा, काट्याचा. तो काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला, पूर्ण चढायला ३०० मिलिसेकंद घेतो. त्यामुळे तबल्याची थाप पडून गेली तरी त्याला पत्ता नसतो, आणि पेटी धरून ठेवली की काटा वरच बसतो. कानालाही काहीसं तसंच वाटतं, म्हणून जुने लोक त्याच्यावर खूश होते. डिजिटलचा पीक मीटर उलटा. एक टाळी वाजली तरी लाल. टाळी आणि पेटी एकाच पीकला आणा, पेटी मोठी वाटणार. हे ज्याने एकदा ऐकलं त्याला व्याख्या लागत नाही.

खर्जातला
शब्द आहे आणि तो आपल्याच घरात पडलाय. गाण्याच्या परीक्षेचं कुठलंही पुस्तक उघडा, नादाचे तीन गुण दिलेले असतात : नादाची उच्चनीचता, नादाचा लहानमोठेपणा आणि नादाची जात. पहिला पिच, तिसरा टिंबर, आणि मधला तुमचा लाउडनेस. प्रारंभिकची मुलंसुद्धा हे पाठ करतात. पण पुस्तक मिटलं की आपण 'वरच्या पट्टीत बोलू नकोस' म्हणतो आणि मोठ्या आवाजाला उंच आवाज करून टाकतो. 'आवाज चढवला' तेच. 'टिपेला गेला' तेच. मराठी माणूस भांडताना पिच आणि लाउडनेस एकदमच वाढवतो, त्याला शब्द तरी काय करणार!

पाचपाखाडीकरीण
'लहानमोठेपणा' आवडला, पण "कार्यक्रमाचा लहानमोठेपणा उणे २३ ठेवावा"? वाचणाऱ्याला वाटेल अर्ध्या तासाचा कार्यक्रम वीस मिनिटांचा करायचाय.

घणसोली लोकल
पण खर्जातल्यांचं बरोबर आहे हं. आमच्या आईकडे (संगमेश्वर) 'रेडिओ मोठा कर', 'रेडिओ लहान कर' असंच म्हणत. लग्नानंतर मी 'टीव्ही लहान कर' म्हटलं तर सासरचे हसले, म्हणे भिंतीतून काढून कापायचा का? ते 'बारीक कर' म्हणतात. हे नागपूरकडे.

मुक्काम कोपरी
आमच्याकडे 'हळू कर'.

घणसोली लोकल
'हळू' म्हणजे सावकाश. गाणं सावकाश कसं करणार?

मुक्काम कोपरी
अहो, 'हळू बोल' म्हणता तेव्हा काय सावकाश बोलायला सांगता का?

शुद्धमती
मूळ प्रश्नाकडे येऊ या. पारिभाषिक शब्द बोलीतून उचलायचा नसतो, घडवायचा असतो. 'ध्वनिप्राबल्य' घ्या. प्रबल म्हणजे जोरकस, त्याचं भाववाचक प्राबल्य. अर्थ नेमका, समास निर्दोष, आणि 'ध्वनिप्राबल्यमापक' असा पुढचा शब्दही सहज होतो.

फेडरवाला
शो चालू असताना 'ध्वनिप्राबल्यमापक बघ' म्हणून संपेपर्यंत पहिला अंक संपेल.

नेरुळचे मास्तर
शिवाय हा हिंदीचा वळसा आहे. हिंदी शालेय पुस्तकांत लाउडनेसला 'प्रबलता' आणि पिचला 'तारत्व' आहेच. मराठीत 'प्राबल्य' म्हटलं की पक्षाचं तालुक्यातलं प्राबल्य आठवतं.

शुद्धमती
संस्कृतावर हिंदीची मालकी कधीपासून? आणि राजकारण्यांनी वापरला म्हणून शब्द टाकायचा झाला तर 'विकास'ही टाकावा लागेल.

उणेअधिक
मला वेगळीच अडचण दिसते. पत्रक वाचणाऱ्याला 'उणे' छळणार आहे. उणे २३ आणि उणे २७ यात मोठं कोणतं, हे नवीन पोराला विचारून बघा. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे छत. त्याच्यावर जागाच नाही, म्हणून सगळे आकडे खालीच मोजायचे. युरोपच्या प्रसारणसंघाने २०१० मध्ये उणे २३ ठरवलं, अमेरिकेतल्या टीव्हीसाठी उणे २४ आहे, आणि नेटफ्लिक्स संवादांवर मोजून उणे २७ मागतं. एकच फाइल तिघांना चालत नाही. त्यात एकाच मापाला दोन नावं : कुणी लफ्स म्हणतं, कुणी एलकेएफएस. आकडा तोच. आधी हे समजवा, शब्द मागाहून.

आणि हे माप म्हणजे नुसती सरासरी नाही. ४०० मिलिसेकंदांचे एकमेकांवर चढलेले तुकडे करायचे, खर्ज थोडा कापून आणि वरचे सूर थोडे उचलून प्रत्येकाचं माप घ्यायचं, मग शांत तुकडे गाळून उरलेल्यांची सरासरी. शांत तुकडे का गाळायचे? नाहीतर पात्रं गप्प बसली की आकडा घसरणार, आणि तो गाठायला मिक्सर संवाद भसाभस वाढवणार. 'पातळी' शब्दात यातलं काहीच येत नाही, हे मान्य.

मुक्काम कोपरी
मग गणपतीच्या मिरवणुकीत पोलिस मीटर घेऊन उभे असतात ते काय मोजतात? लफ्स?

उणेअधिक
नाही. ते हवेतला दाब मोजतात, २० मायक्रोपास्कलच्या तुलनेत. तिथे आकडे अधिकात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. हे 'ए' चाळणीतून, म्हणजे कानासारखा खर्ज कमी धरून, मोजलेले डेसिबल.

फेडरवाला
आणि त्या 'ए' चाळणीतच गोम आहे. ती ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कापते. डीजेचा बेस तिथेच तर असतो! छातीत धडधड होते, खिडकीच्या काचा वाजतात, मीटर म्हणतो फार काही नाही. ताशा मात्र पुरता पकडला जातो. मोबाइलवरच्या ॲपने मोजून भांडायला येणाऱ्यांना माझा नमस्कार. आमचा मीटर आम्ही कॅलिब्रेटर (ठरलेल्या डेसिबलचा आवाज देणारं यंत्र) लावून ९४ वर आणतो, मगच त्याच्यावर विश्वास.

मुक्काम कोपरी
म्हणजे ताशेवाल्यावर अन्याय. मी पथकात वाजवतो, लिहून ठेवतो.

घणसोली लोकल
ताशाचा कसला अन्याय! आमच्या इमारतीखाली सरावाला या एकदा. कुठलीही चाळणी लावा.

पाचपाखाडीकरीण
मंडळी, गुरुवार. आतापर्यंत लहानमोठेपणा, प्राबल्य आणि फेडरवाल्यांचं 'आवाज भरणे'. यातल्या शेवटच्यावरून 'भर' करता येईल का? "पीक मीटर आवाजाची उडी दाखवतो, भर दाखवत नाही." वाचून डोळ्यांपुढे काहीतरी येतं तरी.

खर्जातला
'भर' म्हणजे एम्फसिस नाही का होत? 'त्यांनी या मुद्द्यावर भर दिला.'

शुद्धमती
'ध्वनिभार' करा हवं तर. निदान शब्द वाटतो.

नेरुळचे मास्तर
भार म्हणजे विजेचा लोड. ॲम्प्लिफायरच्या पत्रकात तोही असणार. चार ओमचा भार आणि उणे २३ चा भार एकाच पानावर आले की तुमचे रेकॉर्डिस्ट पुन्हा फोन करतील.

फेडरवाला
सरळ 'लाउडनेस' लिहा ताई. डेसिबल, मीटर, माइक, स्टुडिओ कुठे भाषांतरित केलेत? एकट्या लाउडनेसचंच सोवळं कशाला?

शुद्धमती
डेसिबल हे एककाचं नाव आहे, ग्रॅहम बेल यांच्यावरून आलेलं. विशेषनामाचं भाषांतर करत नाहीत. लाउडनेस ही संकल्पना आहे. संकल्पना आपल्या भाषेत नसेल तर ती आपल्या डोक्यातही उसनीच राहते.

फेडरवाला
माझ्या कानात तर ती अस्सल आहे. डोक्याचं तुम्ही बघा.

मुक्काम कोपरी
ग्रॅहम बेल? मी आजवर डेसिबल म्हणजे 'बल' समजत होतो. आवाजाचं बळ. किती छान जमलं होतं.

उणेअधिक
म्हणूनच काही जण आग्रहाने 'डेसिबेल' लिहितात. दहावा भाग बेल.

घणसोली लोकल
वर्तमानपत्रं मात्र 'डेसिबल'च छापतात. आणि ते मोजायच्या यंत्राला कधी 'ध्वनिमापक', कधी 'ध्वनीमापक'. यातलं बरोबर कोणतं? परवा मुलाच्या प्रकल्पात बाईंनी लाल खूण केली.

शुद्धमती
ध्वनिमापक. सुटा शब्द 'ध्वनी' दीर्घ, पण तत्सम असल्यामुळे समासात पहिलं पद म्हणून आला की ऱ्हस्व. कविसंमेलन, रविवार, तसंच. बाईंना नियम दाखवा.

घणसोली लोकल
खूण 'ध्वनिमापक'वरच केली होती.

खर्जातला
म्हणजे बाईंनी दीर्घ करायला सांगितलं? मग 'रवीवार' लिहितात का त्या?

नेरुळचे मास्तर
बाईंना बोल लावू नका. 'ध्वनी दीर्घ' इतकंच पक्कं ठसलेलं असतं, समासापर्यंत कोण जातं? पण शुद्धमती, मग 'ध्वनिक्षेपक' तुम्ही स्वतः तरी बोलता का? भोंगाच म्हणता ना?

शुद्धमती
भोंगा गिरणीचा. व्यासपीठावर असतो तो ध्वनिक्षेपक.

फेडरवाला
व्यासपीठावर असतो तो माइक हो. बाजूला उभा असतो तो स्पीकर. ध्वनिक्षेपक म्हणजे नक्की कोणता ते तुम्ही ठरवा, मी तोवर वायर गुंडाळतो.