ड्रोन घ्यायचाय, बजेट ४० हजार, विमानांपासून लांब राहणारा सुचवा

गच्चीवाला: विमाननगरला राहतो. लेकीला गच्चीवरून उडवून दाखवायचाय. विमानतळाजवळ गेला की आपोआप थांबेल असा कुठला? ४० हजारांवर एक रुपया नाही.

घाटवाट: सव्वा लाखाचा घे. मी स्वस्तातला घेऊन पस्तावलो. कोकणकड्याचा वारा टाकलेली वस्तू परत वर आणतो म्हणतात, माझा ड्रोन काही आला नाही. रिमोट शोकेसमध्ये आहे.

खडूस_काका: ते अभयारण्य आहे, उडवलातच कशाला? आणि गच्चीवाले, विमानतळाजवळ 'गेला की' काय, तुम्ही तिथेच बसलाय! डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-साइटवरचा नकाशा उघडा. विमाननगर लाल, म्हणजे केंद्राच्या परवानगीशिवाय नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीत २०० फूट उंचीपर्यंत परवानगीशिवाय चालतं, पुढे हिरव्यात ४००.

मी_नदीपलीकडचा: संक्रांतीला सगळे पतंग उडवतात ते चालतं!

खडूस_काका: पतंगाला लिथियमची बॅटरी नसते.

टेकडी_रनर: २५० ग्रॅमच्या आतला घ्या. नॅनोला नियम नाहीत.

प्रॉपेलर: लायसन लागत नाही एवढंच, झोन सगळ्यांना सारखे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पडलं, तो ड्रोन डीजेआय या चिनी कंपनीचा मिनी ३ प्रो होता. कंपनीच्या हिशेबात २४९ ग्रॅम! दोन-अडीच किमी लांब नेलेला, उडवणाऱ्याला दिसतही नव्हता. आपोआप थांबण्यावरही भिस्त नको. डीजेआयने ते कुलूप युरोपात बऱ्याच ठिकाणी २०२४ ला, अमेरिकेत २०२५ ला काढलं. आता पडद्यावर इशारा येतो, तो बाजूला सारला की उडतो.

टेकडी_रनर: तेच म्हणतोय, छोटा घ्या.

दुबईचा_मामा: बाहेरून मागवू नका. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद. भाच्यासाठी आणलेला विमानतळावरच अडकला, भाचा अजून बोलत नाही.

घाटवाट: सव्वा लाखात भारतीय पण मिळतील.

गच्चीवाला: आभार मंडळी. ऑफिसातल्या मित्राचा वापरलेला मिनी ३८ हजारांत ठरवला. गच्चीवर नाही उडवणार, सासुरवाडीच्या शेतात उडवेन. धुळ्याजवळ, गोंदूर.

प्रॉपेलर: नोंदणी क्रमांक आधी स्वतःच्या नावावर करून घे.

खडूस_काका: गोंदूरला धावपट्टी आहे हो! पोरं विमान शिकतात तिथे.

गच्चीवाला: टोकन दिलंय काका.