मदत हवी आहे: तिघांतील क्वांटम गुपित-वाटपात लबाड भागीदार कसा ओळखायचा?

नमस्कार. हिलरी, बुझेक आणि बर्थियोम यांनी 1999 साली मांडलेली गुपित-वाटपाची पद्धत (गुपित असे वाटायचे, की भागीदारांनी एकत्र आल्याशिवाय ते कोणालाही कळू नये) मी सेमिनारसाठी अभ्यासत असून एका मुद्द्यावर अडकलो आहे.

गुपित वाटणारा अ आणि भागीदार ब व क असे तिघे आहेत. अ हा जीएचझेड अवस्थेतील (म्हणजे ज्यांचे मापन-निकाल एकमेकांशी जोडलेले असतात अशा) तीन कणांपैकी एक स्वतःकडे ठेवून उरलेले ब आणि क यांना पाठवतो आणि प्रत्येक जण एक्स किंवा वाय या दिशेने यादृच्छिक मापन करतो. तिघांनीही एक्स निवडला असेल किंवा नेमक्या दोघांनी वाय निवडला असेल, तरच ब आणि क यांच्या निकालांवरून अचा निकाल काढता येतो. बाकीच्या, म्हणजे सरासरी निम्म्या, फेऱ्या टाकून द्याव्या लागतात. इथपर्यंत काही शंका नाही.

आता समजा, बने वाटेतच कचा कण स्वतःकडे घेतला आणि क याला दुसराच कण पाठवला. तपासणीच्या फेरीत (जिथे लबाडी पकडण्यासाठी सर्वांचे निकाल उघडपणे ताडून पाहतात) ब सर्वांत शेवटी बोलणार असेल, तर सर्वांच्या दिशा कळल्यावर हातातल्या दोन कणांवरून अचा निकाल काढून, कच्या निकालाशी जुळेल असेच उत्तर तो देऊ शकेल आणि चोरी पचेल.

मग दिशा जाहीर होण्यापूर्वीच ब आणि क यांनी आपापले निकाल जाहीर करणे पुरेसे ठरते का, की कोणी आधी बोलायचे हा क्रमही अने दर फेरीला यादृच्छिकपणे ठरवायला हवा? शमीर यांच्या 1979 च्या बहुपदी पद्धतीत (गुपिताचे वाटे करण्याच्या, क्वांटम नसलेल्या पद्धतीत) वाटे सुरक्षित पोहोचतात हे गृहीतच असल्याने तिचा इथे उपयोग होत नाही. शक्य असल्यास गणितासह समजावून सांगावे, ही विनंती.