गोळी सुरू झाल्यापासून दादा एका जागी बसतच नाही, आजार वाढलाय की औषधाचा त्रास?

धाकटीबहीण:
माझा दादा २६ वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले, सगळे आपल्यावर पाळत ठेवतात असं डोक्यात बसलं, रात्र रात्र जागा असायचा. डॉक्टरांनी रिस्पेरिडोन सुरू केलं आणि खरं सांगते, तीनेक आठवड्यांत आवाज खूप कमी झाले, आमच्याशी नीट बोलायला लागला. मग डोस २ मिलिग्रॅमवरून ४ झाला आणि चारपाच दिवसांत हे नवीनच सुरू झालं. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठतो, फेरी मारतो, बसतो, परत उठतो, उभा असला तरी सारखा या पायावरून त्या पायावर. काल रडत म्हणाला, "मला बसायचंय गं, पण पाय बसू देत नाहीत." आई म्हणते आजार उसळलाय, डोस अजून वाढवून घेऊ. काका म्हणतात असली औषधं म्हणजे विष, आजच्या आज बंद करा. मला दोघांचंही पटत नाहीये. अपॉइंटमेंट दहा दिवसांनी आहे. काय करू?

निशिगंध:
ताई, दादाचं ते वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. माझ्या मिस्टरांचं अगदी हेच झालं होतं, त्याला अकॅथिसिया म्हणतात. ही औषधं मेंदूत डोपामिन नावाच्या रसायनाचं काम अडवतात म्हणून आवाज, संशय कमी होतात, पण हालचालींवर ताबा ठेवायलाही तेच डोपामिन लागतं ना, मग कुणाचे हातपाय ताठरतात, कुणाला कंप सुटतो, कुणाला ही तळमळ. बघणाऱ्याला मात्र आजारच वाढल्यासारखा वाटतो. आमच्याकडे तसंच समजून डोस वाढवला गेला आणि हे रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालत होते, पायांना फोड आले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "अस्वस्थ मनात वाटतं की पायांत?" आणि तिथे उलगडा झाला. डोस कमी केला, ही तळमळ शमवायला काही दिवस प्रोप्रानोलॉल नावाची गोळी दिली. दहा दिवस थांबू नका हो, आजच फोन करा. आणि ही तळमळ इतकी असह्य होते की जीव द्यायचे विचारही येतात, त्याला सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच हॉस्पिटलला न्या.

रात्रपाळी:
मी मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय, फक्त प्रोप्रानोलॉल दमा असलेल्यांना चालत नाही, त्यामुळे दमा असेल तर आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका. एक मात्र नीट लक्षात ठेवा: जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम, माणूस गोंधळलेला, असं एकत्र दिसलं तर पुढची गोळी न देता तडक इमर्जन्सीला, हे क्वचित होतं पण जिवावर बेततं. बाकी त्रास सावकाश येतात. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, बायकांची पाळी थांबते, पुरुषांची छाती वाढते, शरीरसंबंधांची इच्छा जाते, आणि लाजेपायी कुणी बोलत नाही, गुपचूप गोळ्या टाकून देतात. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्यात कधी कधी ओठ, जीभ आपोआप हलायला लागतात, ते लवकर ओळखलेलं बरं. वजन, शुगर, कोलेस्टेरॉल अधूनमधून तपासून घ्याच.

परतवाट:
मी स्वतः पेशंट. काकांना माझ्याकडून सांगा. ओलान्झापिन या असल्याच गोळीने पहिल्या वर्षात माझं वजन १४ किलो वाढलं, भूक म्हणजे जेवून उठलो की परत भूक, आरशात बघवत नव्हतं. म्हणून दोनदा मीच बंद केलं. दुसऱ्या वेळी दोन महिन्यांत वॉर्डात भरती, सख्ख्या आईला ओळख देत नव्हतो, मला त्यातलं निम्मं आठवतही नाही. नंतर डॉक्टरांना खरं सांगितलं, त्यांनी हळूहळू करून अ‍ॅरिपिप्राझोलवर आणलं, आता नोकरी करतोय. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन वापरात आलं, त्याआधी या आजाराला म्हणावं असं औषधच नव्हतं, कित्येकांचं आख्खं आयुष्य इस्पितळात गेलं. त्रास होतो हे काकांचं खरंच आहे, पण एक गोळी सोसत नसेल तर दुसरी असते. दादाला म्हणावं तू वेडेपणा करत नाहीयेस, पाय खरंच बसू देत नाहीत.

धाकटीबहीण:
सगळ्यांचे खूप आभार. त्याच दिवशी फोन केला, डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीच बोलावलं. दादाचं वाक्य सांगितल्यावर त्यांनी त्याला बसवून, उभं करून पाहिलं, डोस ३ वर आणला, दमा नाही ना विचारून प्रोप्रानोलॉल दिलं. जिवाचं विचारलं, तर म्हणाला एकदा मनात आलं होतं. आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई आता त्याच्याच खोलीत झोपते. परतवाट दादा, तुमचं शेवटचं वाक्य त्याला वाचून दाखवलं, त्याने ते परत एकदा वाचायला लावलं. आज सहावा दिवस. रात्री सगळ्यांचं जेवण होईपर्यंत बसला होता, पाय हलत होते, पण बसला होता.