जुना पॉवर वीडर उड्या मारतो आणि डावीकडे ओढतो

प्रश्न
सप्रेम नमस्कार. मी ७ एचपीचा पेट्रोलवर चालणारा जुना पॉवर वीडर (फिरत्या पात्यांनी तण काढणारे, हाताने धरून चालवायचे यंत्र) घेतला आहे. तो गाडीत बसावा म्हणून विकणाऱ्याने पाती काढून दिली होती, ती मी घरी जोडली. इंजिन पहिल्याच दोरीला सुरू होते. मात्र वांग्याच्या सरीत उतरवला की तो मातीत शिरण्याऐवजी उड्या मारत पुढे पळतो, सारखा डावीकडे ओढतो आणि अर्ध्या तासात माझे खांदे भरून येतात. पाती थांबवण्यासाठी क्लच सोडल्यावरही ती थोडा वेळ फिरत राहतात. जमीन काळी असून पाणी देऊन बारा दिवस झाले आहेत. दोष यंत्राचा की माझ्या हाताचा?

उत्तर १
दादा, क्लच सोडूनही पाती फिरत असतील तर ते दुरुस्त होईपर्यंत यंत्र शेतात नेऊ नका. बहुधा क्लचची वायर जास्त ताणलेली असेल किंवा बेल्ट सैल करणारी स्प्रिंग थकली असेल. त्यानंतर, इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून, स्पार्क प्लगची टोपी काढून पाती तपासा. पाते पुढून खाली उतरताना धारेची बाजू आधी मातीला लागली पाहिजे. डावी-उजवी पाती अदलाबदल झाली तर बोथट पाठ जमिनीवर आपटते आणि यंत्र उसळते. घरी जोडलेल्या पात्यांत ही चूक सर्रास होते, माझ्याकडूनही झाली आहे.

उत्तर २
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु डावीकडे ओढण्याचे कारण वेगळे असू शकते. तुमचा शाफ्ट (पाती ज्यावर बसतात तो फिरणारा लोखंडी आस) गोल असेल, तर पाती त्याला जोडणारी डाव्या बाजूची पिन तुटल्यावर शाफ्ट फिरतो, पण त्या बाजूची पाती जागीच राहतात, आणि उजवी बाजू पुढे सरकत असल्याने यंत्र डावीकडे वळते. पिनेजवळ हरळी गुंडाळलेली असेल तर ती विळ्याने कापून काढल्याशिवाय काहीच दिसणार नाही.

उत्तर ३
पाती आणि पिन ठीक करूनही यंत्र पळाले, तर मागचा डेप्थ बार (खोली ठरवणारी, मातीत रुतणारी लोखंडी पट्टी) पाहा. तो वर घेतला की यंत्र पुढे पळते, खाली केला की मातीत रुतून यंत्राला अडवतो आणि पाती खोल जातात. नवखा माणूस घाबरून हातात धरायचा दांडा मागे ओढतो किंवा वर उचलतो, त्यामुळे बार मातीतून सुटतो आणि यंत्र आणखीच पळते. दांडा किंचित खाली दाबायचा असतो. पुढे वजन बांधण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही, कारण ते ओझे वळताना तुमच्याच खांद्यांवर येते. राहिली जमीन. बारा दिवस पाणी नसलेली काळी माती बहुधा दगडासारखी झाली असेल. हलके पाणी देऊन वाफसा (माती ना चिखल ना कोरडी, अशी बेताची ओल) येऊ द्या, पहिल्या फेरीत दोन-तीन इंचच जा आणि खोली दुसऱ्या फेरीत वाढवा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. उजवीकडची पाती खरोखरच उलटी होती. डावीकडे हरळीचा मुठीएवढा बोळा निघाला आणि त्याखाली पिनेऐवजी मधोमध तुटलेला साधा खिळा सापडला. पिन आणि क्लचची वायर नवीन बसवली असून आता क्लच सोडताच पाती थांबतात. काल वाफशावर चार सऱ्या सरळ निघाल्या. पाचवीत दांडा पुन्हा सवयीने वर उचलला गेला आणि वांग्याची दोन रोपे गेली.