तेलगळती, तवंग आणि डांबरगोळे

प्रश्न : बातम्यांत ‘तेलगळती’ आणि ‘तेलतवंग’ एकाच अर्थाने येतात. फरक आहे का? आणि रसायन फवारल्यावर तेल ‘विरघळलं’ म्हणावं का?

उत्तर : फरक आहे, आणि तो पाळायला हवा. गळती ही घटना. तवंग ही तेलाची एक अवस्था. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन इंधन तेल समुद्रात गेलं, ती गळती. खरं तर गळती थेंबाथेंबाने होते, इथे तेल सांडलं. पण शब्द आता रुळलाय, तो बदलायच्या भानगडीत मी पडणार नाही.

तवंग म्हणजे पाण्यावर तरंगणारा तेलाचा थर, रश्श्यावर दिसतो तसाच. इंद्रधनुषी रंग दिसले की थर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजण्याइतका पातळ असतो. १ मायक्रॉन जाडीचा तवंग चौरस किलोमीटरभर पसरला, तरी तेल भरतं १००० लिटर. म्हणून ‘प्रचंड तवंग’ एवढ्यावरून किती तेल सांडलं ते कळत नाही. रंग आणि जाडी लिहायला हवी.

‘तवंग नाहीसा झाला’ या वाक्याची मला जास्त काळजी वाटते. हलका भाग पहिल्या एक-दोन दिवसांत उडून जातो. उरलेल्या जड तेलात लाटांमुळे पाणी घुसळलं जाऊन घट्ट तपकिरी लगदा होतो, आणि त्याचं आकारमान मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट होऊ शकतं. हा लगदा खाडीत शिरून तिवरांच्या वर आलेल्या श्वसनमुळांवर बसला, तर मुळांची छिद्रं बुजतात आणि झाड गुदमरतं. समुद्र वरून स्वच्छ दिसत असताना हे चाललेलं असतं.

‘विरघळलं’ मात्र नकोच. रसायनाने तेलाचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात खाली पसरतात. तेल तिथेच असतं. ‘विखुरलं’ म्हणा, रसायनाला ‘विखुरक’. जिवाणूंना बारीक थेंब फस्त करणं सोपं जातं हे खरं, पण उथळ पाण्यात तेच थेंब अंडी-पिल्लांपर्यंत पोहोचतात. १९६७ साली ‘टॉरी कॅन्यन’ तेलवाहू जहाज फुटल्यावर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर तेव्हाची जहाल रसायनं वारेमाप ओतली. खडकांवरचे जीव तेलापेक्षा त्यांनीच जास्त मेले.

प्रश्न : मग गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाच्या तोंडावर काळे गोळे येतात, त्यांना काय म्हणायचं?

उत्तर : डांबरगोळे. समुद्रात मुरलेल्या तेलाचे हे गोळे; वाळू चिकटून बाहेरून टणक, आत मऊ. पायाला लागले तर पाण्याने निघत नाहीत, खोबरेल चोळावं लागतं. काही जण ‘तेलगोळे’ लिहितात, पण हाताला लागतं ते डांबरच. आणि ते दिसले म्हणून ‘किनाऱ्याजवळ तेलगळती’ असा मथळा देऊ नये. तेल कुठल्या तरी टँकरमधून भर समुद्रात, बऱ्याच आधी सांडलेलं असू शकतं.